चौतीस मीटर: इंदूरच्या एका कॉलनीत वेगमर्यादा कशी ठरली

हे प्रकरण इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका कॉलनीचं आहे. माणसांची, शाळेची आणि रस्त्याची नावं गाळली आहेत, काही खुणा बदलल्या आहेत. मी रस्त्यांच्या कामातून निवृत्त झालेला इंजिनिअर. रहिवासी संघाच्या अण्णांनी मला यात ओढलं. मानधन म्हणून दर रविवारी पोहे-जलेबी ठरली होती आणि ती चुकली नाही.

पार्श्वभूमी

रस्ता साधारण अकराशे मीटर लांब, साडेसात मीटर रुंद. दोन्ही टोकांना मोठे रस्ते. मधल्या भागात एक प्राथमिक शाळा, दत्ताचं देऊळ, बगीचा आणि संध्याकाळी भाजीचे ठेले. शाळेच्या जरा अलीकडे एक वळण आहे. वळणावर एका बंगल्याची भिंत आणि तिच्यावरून रस्त्यावर ओणवी झालेली बोगनवेल. ही बोगनवेल पुढे प्रकरणाच्या मध्यभागी येणार आहे.

रस्ता डांबरी होता तोवर वेगमर्यादा खड्डे ठरवत. मग काँक्रीट झालं, गुळगुळीत, कडेपासून कडेपर्यंत. मोबाइलच्या नकाशाने हा रस्ता शॉर्टकट म्हणून दाखवायला सुरुवात केली आणि ज्यांचा या वस्तीशी काही संबंध नाही अशा गाड्या दोन सिग्नल वाचवायला इकडून जाऊ लागल्या. उद्घाटनाला ज्यांनी पेढे वाटले तेच लोक दोन महिन्यांत म्हणायला लागले, खड्डेच बरे होते.

एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास देवळातून परतणाऱ्या सत्तरीच्या काकूंना मोटरसायकलने धडक दिली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तोपर्यंत सगळा राग बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर होता. मोटरसायकल चालवणारा मुलगा मात्र पलीकडच्याच गल्लीतला, एकोणीस वर्षांचा. काकूंनी त्याला लहानपणी श्लोक शिकवले होते.

अडचण

संघाची बैठक झाली तेव्हा मागणी एकच होती: स्पीडब्रेकर, तेही सहा. मी विचारलं, या रस्त्याची वेगमर्यादा किती? तिघांनी तीन उत्तरं दिली आणि तिघांचंही खरं होतं, कारण रस्त्यावर तीन पाट्या होत्या. एक निळी चौकोनी, ‘गति सीमा २०’, खाली एका कोचिंग क्लासची जाहिरात. दुसरी रस्त्याच्या कामाच्या वेळी ठेकेदाराने लावलेली, ४० ची. तिसरीवर आकडाच नव्हता, नुसतं ‘धीरे चलें’.

कायद्याच्या नजरेने या तिन्हींना फारसं वजन नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे केंद्र सरकार वाहनाच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरवतं. त्याहून खालची मर्यादा एखाद्या रस्त्याला लावायची तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि जागेवर रीतसर चिन्ह लावायचं. दोन्ही हवं. चिन्हाचा आकार आणि रंगही ठरलेला आहे: गोल, लाल कडा, पांढरी जमीन, काळा आकडा. कोचिंग क्लासच्या चौकोनाला पाहून कुणी वेग कमी केला तर तो त्याचा चांगुलपणा.

मग अधिसूचना नसेल तर मर्यादा काय? एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कमाल वेग असे आहेत: मोटारीला ताशी ७० किलोमीटर, मोटरसायकलला ६०, तीनचाकीला ५०. हे वाचून दाखवल्यावर बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. शाळेसमोरून सत्तरने जाणारी मोटार वेगमर्यादेत बसते हे कुणाच्या गावीही नव्हतं. वरच्या टोकाची मर्यादा म्हणजे ‘इतक्या वेगाने जा’ असं नव्हे, आणि बेदरकार चालवण्यासाठी वेगळं कलम आहेच. पण चलान फाडायला आकडा लागतो, आणि आकडा सत्तरचा होता.

‘चौकात एक शिपाई उभा करा’ ही मागणीही इथेच अडली. कलम १८३ सांगतं की गाडी जास्त वेगात होती असं एकाच साक्षीदाराच्या अंदाजावरून ठरवून शिक्षा देता येत नाही. तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीवर बेतलेला हवा. शिपायाचा डोळा कितीही तयार असला तरी त्याला स्पीडगन लागते.

मोजणी

आकडा मागायला जायचं तर हातात आकडे हवेत. आमच्याकडे होता तो चुना, पन्नास मीटरचा टेप आणि अण्णांच्या नातवाचा मोबाइल.

रस्त्यावर पन्नास मीटर अंतराने चुन्याच्या दोन रेषा मारल्या. पहिल्या रेषेवर पुढचं चाक आलं की अण्णांनी रुमाल खाली टाकायचा, दुसऱ्या रेषेवर उभ्या नातवाने घड्याळ सुरू करायचं आणि चाक आपल्यासमोर आलं की थांबवायचं. १८० भागिले सेकंद, की झाला ताशी वेग. चार सेकंद म्हणजे ४५, सहा सेकंद म्हणजे ३०. आधी मी तीस मीटरच घेणार होतो, पण तेवढ्यात हाताची चूक फार महाग पडते: दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले की ४५ चे ४९ होतात.

पहिली सकाळ वाया गेली. पांढरा सदरा, हातात रुमाल, रस्त्याकडे टक लावून उभा म्हातारा. लोकांना वाटलं काहीतरी चेकिंग आहे आणि सगळे सभ्य झाले. दुसऱ्या दिवशी अण्णांना इस्त्रीवाल्याच्या ठेल्याआड उभं केलं. तिथून रेषा दिसत होती आणि अण्णा दिसत नव्हते. मोजायच्या त्या फक्त मोकळ्या धावणाऱ्या गाड्या. पुढे ई-रिक्षा असेल तर मागच्याचा वेग त्याचा स्वतःचा नसतो. ई-रिक्षाची कमाल मर्यादाच २५ आहे.

शंभर गाड्यांच्या शंभर चिठ्ठ्या केल्या आणि अण्णांच्या जेवणाच्या टेबलावर सावकाशकडून वेगवानकडे ओळीने मांडल्या. पंच्याऐंशीवी चिठ्ठी उचलली. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो हा वेग, आणि जगभर वेगमर्यादा ठरवताना आधी तो पाहतात. शाळेजवळ तो निघाला ४८, खालच्या सरळ भागात ५२. त्रेसष्टाव्या चिठ्ठीवर नातवाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आजोबांचे मित्र, स्कूटर, ४१’. हे गृहस्थ बैठकीत वीसची मर्यादा मागणाऱ्यांत सर्वांत मोठ्याने बोलत होते. चिठ्ठी हातोहात फिरली आणि वीसचा आग्रह त्या दिवसापासून जरा मऊ झाला.

पर्याय

वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांना भेटलो. माणूस समंजस होता. म्हणाले, “बीस लिखवा दूँ, पर मानेगा कौन?” त्यांचं म्हणणं साधं होतं. लोक ४८ ने जात असतील तर ४० चा आकडा निदान पटण्यासारखा आहे. वीस लिहिलं तर सगळेच गुन्हेगार ठरतील, आणि मग पुढच्या चौकातल्या खऱ्या पाटीलाही कुणी जुमानणार नाही.

या म्हणण्यात तथ्य आहे. पंच्याऐंशी टक्क्यांची रीत मूळ मोकळ्या हमरस्त्यांची आहे: तिथे बहुतेक चालक रस्ता पाहून शहाणपणानेच वेग ठरवतात, आणि त्यांच्या शहाणपणापासून फार दूरचा आकडा टिकत नाही. कॉलनीच्या रस्त्याला मात्र ती रीत तशीच लावली की घोटाळा होतो. चिठ्ठ्यांत मत फक्त चालवणाऱ्यांचं आलं. रस्ता ओलांडणाऱ्यांची चिठ्ठी कुठे आहे?

ती आम्ही केली. बगीच्यात येणाऱ्या एका आजोबांना, त्यांना न सांगता, रस्ता ओलांडताना मोजलं: साडेसात मीटरला नऊ सेकंद. नऊ सेकंदांत ४८ ची गाडी १२० मीटर येते, ३० ची ७५ मीटर. म्हणजे आजोबांनी पाऊल टाकताना सव्वाशे मीटरवरची गाडी ओळखायची. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, संध्याकाळी.

तरी चाळीस की तीस यावर गाडी अडलीच. दोन्ही बाजूंकडे भावना होत्या. मुख्याध्यापिका बाईंनी फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याचा दाखला दिला: पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या जिथे मिसळतात तिथे ३०. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही सांगितला, की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. अधिकारी ऐकून घेत होते, पण स्टॉकहोम त्यांच्या हद्दीत नव्हतं.

निर्णय झाला तो टेपने. वळणावर मी बसक्या मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून १.२ मीटरवर, डोळा लावला आणि शाळेच्या फाटकासमोर नातवाला दप्तर घेऊन उभं केलं. बोगनवेलीआडून तो पहिल्यांदा दिसला तिथे खडूची खूण केली. अंतर भरलं ३४ मीटर.

आता हिशेब. रस्त्यांच्या आपल्याकडच्या मानकांत थांबण्याचं अंतर दोन भागांत मोजतात: धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद, आणि त्यानंतर गाडी घसटत थांबेपर्यंतचं अंतर. चाळीसच्या वेगाला अडीच सेकंदांत २८ मीटर जातात, पुढे थांबायला साधारण १७, एकूण ४५. तीसला २१ अधिक ९, म्हणजे ३०. आपल्या हातात ३४. चाळीसने येणाऱ्या गाडीला मूल दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बैठकीला आलेल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने आक्षेप घेतला, माझ्या बाइकला एबीएस आहे, मला इतकं लागत नाही. नसेल लागत. पण मर्यादा त्याच्या नव्या टायरसाठी लावायची नसते. श्रावणातल्या ओल्या काँक्रीटवर, झिजलेल्या टायरची, दुधाच्या कॅन लटकवलेली स्कूटरही त्याच रस्त्याने येते.

अधिकाऱ्यांनी यावर एक सवाल केला आणि तो मला आजही छळतो: मग बोगनवेल छाटा ना. पंचेचाळीस मीटर दिसू लागलं की चाळीस चालेल. गणित त्यांचं बरोबर होतं. पण दूरचं दिसू लागलं की चालक तेवढाच वेग वाढवतो हेही मी तीस वर्षं पाहिलं आहे. ‘रुंद केला, साफ केला आणि अपघात वाढले’ असे रस्ते माझ्याही हातून झालेत. शेवटी वेल कंबरेइतक्या उंचीपर्यंत छाटायची, म्हणजे मूल दिसेल, आणि मर्यादा मात्र तीसच ठेवायची असं ठरलं. बंगल्याच्या मालकीणबाईंना फुलांचं वाईट वाटलं. त्यांची समजूत घालायला वहिनी तीनदा जाऊन आल्या.

काय केलं

मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या सरकारी बैठकीत, अर्ज दिला. सोबत चिठ्ठ्यांचा तक्ता, टेपचा नकाशा आणि बाईंचं पत्र. मागणी सहा स्पीडब्रेकरची नव्हती. शाळा ते देऊळ या चारशे मीटरला ३०, उरलेल्या भागाला ४०, आणि तीसच्या भागात रस्ताच असा करावा की तीसच्या वर जाववणार नाही.

कलम ११२ मध्ये एक सोय आहे: निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्राची गरज नाही. अधिकाऱ्यांनी ती वापरली. महिनाभराचा प्रयोग, गोल लाल पाट्या, दोन सकाळी स्पीडगन. जुन्या तिन्ही पाट्या उतरवल्या. कोचिंगवाले जरा नाराज झाले.

रस्त्याच्या बदलाची कल्पना गणपतीने दिली. अण्णांनीच सांगितलं, उत्सवाच्या दहा दिवसांत मंडळाचा मांडव अर्धा रस्ता अडवतो तेव्हा कुणीही जोरात जात नाही, पाटीबिटी काही नसताना. बरोबर आहे. रुंदी कमी झाली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. तेव्हा शाळेच्या दोन्ही बाजूंना कडेला सिमेंटच्या कुंड्या ठेवून रस्ता साडेपाच मीटरवर आणला, आणि शाळा व देवळासमोर झेब्रा असलेल्या सपाट माथ्याच्या दोन उंच पट्ट्या बांधून घेतल्या, फुटपाथच्या पातळीला.

लोकांना हवे होते ते काळे-पिवळे रबरी तुकडे मी हट्टाने नाकारले. त्यावर स्कूटर उडते, मोटार नुसती खडखडते. नियमातला स्पीडब्रेकर वेगळा असतो: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ने सुखाने ओलांडता येईल असा लांबट फुगवटा. आपल्या गल्ल्यांत रात्रीतून उगवणारी सिमेंटची वरवंट्यासारखी उंचवटी म्हणजे कमरेला दिलेला शाप.

काय झालं

पट्ट्या बांधून झाल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा इस्त्रीवाल्याच्या ठेल्याआड उभे राहिलो. शाळेजवळ पंच्याऐंशीवी चिठ्ठी ४८ वरून ३४ वर आली होती. खालच्या सरळ भागात, जिथे फक्त ४० ची पाटी होती, ५२ चे ५० झाले. नवी कोरी, नियमातली, खांबावर ठळक पाटी, फरक दोनचा. पाटी एकटी काय करते याचं इतकं स्वच्छ उत्तर मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

४८ आणि ३४ यांत चौदाचाच फरक दिसतो, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या हिशेबाने जोर निम्म्यावर आला.

सगळं गोड झालं नाही. देवळासमोरच्या पट्टीला लागून घर असलेल्या कुटुंबाची झोप गेली. पहाटे भाजीचे रिकामे टेम्पो पट्टीवरून उतरताना क्रेटचा खणखणाट करतात. त्यांनी लेखी तक्रार दिली आणि ती रास्त आहे. आणखी एक, तिसरी पट्टी बांधायचा विचार होता, तो त्यामुळेच रद्द झाला. आणि काही पोरं आता दोन पट्ट्यांच्या मधे गाडी जोरात काढून पुन्हा ब्रेक मारतात.

महिना संपला तेव्हा मजा झाली. प्रयोगाची मुदत उलटली, पाट्या तशाच राहिल्या, कायम अधिसूचनेचा प्रस्ताव अजून टेबलांवरून फिरत होता. जवळजवळ सात महिने त्या गोल लाल पाटीला कोचिंगच्या चौकोनाइतकाच अधिकार होता. लोक तीसनेच जात होते, ते कुंड्या आणि पट्ट्यांमुळे. अधिसूचना आली तेव्हा बाईंनी शाळेच्या फलकावर तिची प्रत लावली.

वेगळं काय करता आलं असतं

महिनाभराचा आदेश निघाला त्याच दिवशी कायम प्रस्ताव द्यायला हवा होता. आम्ही प्रयोगाचे आकडे हाती येण्याची वाट पाहिली. कागदपत्रांच्या दृष्टीने ते नीटस दिसतं, पण आकडे नंतर जोडता आले असते.

दुसरी चूक माझी. मोजणी सगळी सकाळी केली, शाळेच्या वेळेला. काकूंना धडक बसली ती संध्याकाळी साडेसातला, अंधारात. रात्री दहानंतर रस्ता मोकळा असतो तेव्हाचा वेग आजही आमच्याकडे नाही. अण्णांना त्या वेळी उभं करायला सूनबाईंनी ठाम नकार दिला, आणि मीही फार ताणलं नाही.

खालच्या भागाला ४० लावणं टाळायला हवं होतं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. रस्त्यात काही न बदलता पाटी लावली आणि ती कुणी मानली नाही; त्यामुळे वरच्या तीसलाही थोडा कमीपणा आला असं मला वाटतं. अधिकारी म्हणतात, निदान चलान करायला आधार झाला. स्पीडगन तिथे त्यानंतर एकदाच आली.

पट्ट्यांची जागा ठरवताना आम्ही शाळेला विचारलं, देवळाच्या विश्वस्तांना विचारलं. ज्यांच्या उशाशी पट्टी येणार त्यांना विचारलं नाही. दहा-बारा मीटर पुढे सरकवली असती तर ती बगीच्याच्या भिंतीला लागली असती आणि कुणाची झोप मोडली नसती.

आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी बैठकीला बोलावलं नाही. दुसऱ्या मोजणीच्या दिवशी तो आपणहून आला, बराच वेळ ठेल्यापाशी उभा राहिला, मग म्हणाला, घड्याळ मी धरू का काका. बत्तीस चिठ्ठ्या त्याच्या हातच्या आहेत.

सध्याचा प्रश्न रंगाचा आहे. पहिल्या पावसाळ्यातच पट्ट्यांच्या उतारावरचे पांढरे पट्टे झिजून गेले. रात्री काँक्रीटवर काँक्रीटची पट्टी दिसत नाही आणि गेल्या महिन्यात एक स्कूटरवाला तिथे घसरला, सुदैवाने नुसतं खरचटलं. बांधणाऱ्यांचं म्हणणं, रंग वाहतूकवाल्यांचा. वाहतूकवाल्यांचं म्हणणं, देखभाल बांधणाऱ्यांची. येत्या मंगळवारी अण्णा पुन्हा जनसुनवाईला निघालेत. अर्जाला त्यांनी रात्री काढलेला फोटो जोडला आहे. त्यात अंधाराशिवाय काहीच दिसत नाही, आणि तेच त्यांना दाखवायचं आहे.